पाटाखालचं नाव

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पेणमध्ये हीच गोष्ट उलटी सांगितली जाते. तिथे म्हणतात, विहीणबाईंनी व्याह्यांना गुंडाळलं. ते खोटं आहे. मी गुंडाळायला गेले होते हे खरं, पण गुंडाळली गेले ती मीच.

व्याही म्हणजे दिगंबरशेठ. पेणला रामवाडीत त्यांचा गणपतीचा कारखाना आहे. माणूस इतका मऊ बोलतो की शाडूची माती मळत बसलाय असं वाटावं. माझी एकुलती एक मुलगी रेश्मा त्यांच्या घरात दिली आहे. मी अष्टमीची, रोह्याहून पूल ओलांडला की आमचं घर. धंदा सुक्या मासळीचा. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, आता स्वतःचा गाळा आहे. सोडे, बोंबील, जवळा, सगळं मिळतं. शाळा सातवीपर्यंत. बाजारात नव्या गिऱ्हाइकाला जुनी गिऱ्हाइकं सांगतात, त्या बाईशी भाव करू नको, दमशील. मला ते ऐकायला आवडतं.

आमचं भांडण झालं ते एका वेबसाइटवरून.

टाळेबंदीत बाजार बसला तेव्हा माझी पोती गाळ्यात आणि दिगंबरशेठचे गणपती फळीवर अडकून पडले. रेश्मा कॉम्प्युटरचं शिकलेली. ती म्हणाली, "आये, लोक घरात बसून मोबाइल चाळतायत. आपण मोबाइलमध्येच दुकान टाकू." दोन दुकानं टाकायला तेव्हा कोणाकडे बळ नव्हतं, म्हणून दोन्ही घरांचं एकच टाकलं. नाव ठेवलं 'दोन तालुके'. पेण एक आणि रोहा एक. वरती गणपती, खाली सुकी मासळी. मांडणी रेश्माची, तक्रारी माझ्या.

रेश्मा रोज सकाळी मला फोन करायची. कोणाला काय पाठवायचं ते सांगायची. ठाण्याला सोडे, वाशीला जवळा, असं सांगता सांगता ती सासूच्या गुडघेदुखीवर यायची आणि मी तिच्या बापाच्या खोकल्यावर जायचे. लग्न करून दिलेली मुलगी आईला रोज सकाळी फोन करते आणि सासरी कोणी काही म्हणत नाही, कारण तो धंद्याचा फोन. मला ती साइट किती प्रिय होती ते यावरून समजा. एका साइटच्या दोन झाल्या तर हा फोन कुठल्या बाजूला जाणार, एवढीच माझी काळजी होती. बाकी सगळे मुद्दे मी भांडताना काढले.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांना त्यातली गंमत सांगते. एका दुकानात देव आणि मासळी म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण आमच्याकडचं वर्ष बघा. पावसाळ्याआधी लोक अगोट करतात, म्हणजे चार महिन्यांचं सामान भरून ठेवतात. तेव्हा माझी सुकी मासळी खपते. श्रावण आला की माझं गिऱ्हाईक पाठ फिरवतं, आणि नेमके तेव्हा दिगंबरशेठचे गणपती निघतात. गणपती पाण्यात गेले की लोकांना पुन्हा सोड्यांची आठवण होते. एकाचं दुकान बंद तेव्हा दुसऱ्याचं चालू. देवाने स्वतः आखून दिल्यासारखं वर्ष होतं.

अडचण केली ती यंत्राने. गणपतीच्या फोटोखाली साइट आपोआप लिहायची, 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं', आणि खाली बोंबलाचं पाकीट. पुण्याच्या एका बाईंनी फोन केला.

"हे तुम्हाला शोभतं का? बाप्पाच्या पायाशी बोंबील?"

"बाई, ते मी नाय लिवलेलं. यंत्र लिवतं."

"मग यंत्राला सांगा की हे खोटं आहे."

"खोटं कसं असेल? गणपती नेणाऱ्यांनीच बोंबील नेले. यंत्राला लाज नाय, म्हणून ते खरं बोलतं."

त्यांनी फोन ठेवला. गणपती मात्र आमच्याकडूनच नेला.

दुसरे ठाण्याचे एक साहेब. टेम्पोच्या ताडपत्रीला आदल्या खेपेच्या सोड्यांचा वास राहिला होता आणि तो त्यांच्या मूर्तीच्या खोक्याला लागला. साहेब चिडून म्हणाले, "गणपतीला वास येतोय." मी म्हटलं, खोकं बाहेर ठेवा, उदबत्ती लावा, जाईल. साहेब बराच वेळ बोलत राहिले. मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "सोडे होते ना ते? गणपतीनंतर अर्धा किलो पाठवा. बायकोला कळवू नका, मीच घेऊन आलो म्हणून सांगेन."

आणि शाकाहारी लोकांच्या एका इमारतीतलं आमचं गिऱ्हाईक तर मी जन्मात विसरणार नाही. खोक्यावर 'दोन तालुके' छापलेलं असायचं, आणि त्या इमारतीत ते नाव गणपतीसाठी माहीत होतं. ऐन उन्हाळ्यात जवळ्याचं खोकं गेलं, तर वॉचमनने त्याला हात जोडले आणि स्वतः उचलून वर नेलं. त्या गिऱ्हाइकाने मला हात जोडून सांगितलं, "मावशी, काही करा, पण हे नाव बदलू नका."

पण दिगंबरशेठची जुनी गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली होती. मग जावयाने पनवेलहून एक सल्लागार आणला. कोवळा मुलगा, पण बोलायला लागला की थांबत नव्हता. तो म्हणाला, "मोबाइलला कळतच नाहीये तुम्ही देवाचे की मासळीचे. एक साइट, एक विषय. दोन वेगळ्या करा, दोन्ही वाढतील."

मी विचारलं, "आणि जुनं नाव कोणाकडं जाणार?"

"ते फारसं महत्त्वाचं नाही, मावशी. नाव काय, नवीन घेता येतं."

तिथेच मला कळलं की हा मुलगा कधी बाजारात बसलेला नाही.

लोक मोबाइलला विचारतात, पेणचे गणपती कुठे मिळतील. मोबाइल एका दुकानाकडे बोट दाखवतो. ते बोट काही उगाच दाखवत नाही. दुकान किती जुनं, लोकांची येजा किती, चार जण चांगलं बोलतात की नाही, हे बघून दाखवतो. नवं नाव घेतलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून पटवायचं. हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती, कारण मी ते भोगलं आहे.

पूर्वी रोह्याच्या बाजारात गटाराचं काम निघालं आणि आम्हा सुकटवाल्यांना पलीकडच्या कोपऱ्यात हलवलं. माझ्या जुन्या जागेवर प्लास्टिकच्या बादल्या विकणारा एक जण येऊन बसला. माझी गिऱ्हाइकं सवयीने तिथेच जायची. बिचारा दिवसभर सांगायचा, मावशी पलीकडं गेली. कोणी पलीकडे यायचं, बरेच तसेच घरी जायचे. शेवटी तो कंटाळला आणि त्याने बादल्यांच्या कडांना बोंबलाच्या माळा लावल्या. पुढच्या हंगामात त्याच्याकडे बादल्या नव्हत्या, नुसते बोंबील होते. माझ्या गिऱ्हाइकांना तो माझ्यापेक्षा महाग द्यायचा आणि ती घ्यायची. तेव्हापासून मला पक्कं माहीत आहे की माणूस मालाकडे जात नाही, जागेकडे जातो. हा किस्सा मी सगळ्यांना सांगते. रेश्माच्या लग्नाच्या बोलणीतही सांगितला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मी ठरवलं, दोन साइट करायच्याच असतील तर जुनं नाव माझं.

वाटणीच्या बोलणीसाठी मी आषाढात पेणला गेले. गाडी पहिल्याच स्टेशनावर, निडीला, थांबली तोवर काय बोलायचं ते माझं पाठ झालं होतं. नागोठण्याला ते सगळं बदललं. भाव करण्याची माझी एक पद्धत आहे. जे पाहिजे त्याच्याकडे बघायचंच नाही. नको असलेल्या वस्तूचं कौतुक करायचं आणि पाहिजे असलेल्या वस्तूला नावं ठेवायची. समोरचा आपण होऊन ती आपल्या गळ्यात मारतो.

कारखान्यात गणपती ओळीने बसले होते आणि दिगंबरशेठ डोळ्यांची आखणी करत होते. मागे भिंतीला टेकवून पाटांच्या रांगा लावल्या होत्या. आमच्याकडे मूर्ती ठरवली की घरचा पाट कारखान्यात नेऊन द्यायचा, त्यावर सुपारी ठेवायची, आणि चतुर्थीला त्याच पाटावर गणपती घरी आणायचा. ज्यांना पाट आणून देणं जमत नाही त्यांना कारखान्यातून नवा मिळतो. विसर्जन झालं की गणपती पाण्यात राहतो, पाट परत घरी येतो. त्या वर्षी सगळे पाट नवे दिसत होते. ताज्या ऑइल पेंटचा वास माझ्या डोक्यात गेला.

"पाट रंगवले की काय, दादा?"

"गिऱ्हाइकांची जरा सेवा. फुकट हो. तुमचाही रंगवलाय," ते म्हणाले. बोलताना हातातला ब्रश जरासुद्धा डगमगला नाही.

मी मनात म्हटलं, म्हातारा भोळा आहे, आज सोपं जाणार. रेश्मा चहा घेऊन आली आणि दाराशीच उभी राहिली.

मी सुरुवात केली. "जुन्या नावात आता काय राहिलंय, दादा. सगळ्या नावाला मासळीचा वास लागलाय. तुमच्यासारख्या देवाच्या माणसानं ते कशाला घ्यावं? तुम्ही आपलं नवं, कोरं नाव घ्या. मी काय, वासात जन्मलेय, करीन त्याच्यात कायतरी."

दिगंबरशेठनी एका गणपतीचा डावा डोळा पुरा केला. "म्हणता ते बरोबर हाय, विहीणबाई. पण नवं म्हणजे मेहनत आली. फोटो काढा, मांडणी करा, लोकांना कळवा. ते कोण करणार?"

"रेश्मा करंल."

"रेश्मा तर दोन्हीकडचं बघते."

"नवी उभी राहीपर्यंत तुमच्याकडचंच बघूं दे. माझं मी गाळ्यातून चालवीन."

"म्हणजे जुनं नाव तुम्हाला आणि नवी उभी राहीपर्यंत रेश्मा आम्हाला?"

"व्हय."

"ठरलं," ते म्हणाले आणि उजवा डोळा घेतला.

दारातून रेश्मा म्हणाली, "मला कोणी विचारणार हाय का?"

"तू गप, गो," मी म्हटलं. "मोठी माणसं बोलतायत."

ती माझ्याकडे बघून हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. खरं तर मला तिथेच संशय यायला पाहिजे होता. इतक्या लवकर मिटलेला सौदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. चहासुद्धा गरम होता. पण जुनं नाव मिळाल्याच्या आनंदात मी परतीच्या गाडीत शेजारच्या बाईला उगाच शेंगा दिल्या.

साइटी वेगळ्या झाल्या. सकाळचा फोन बंद झाला. नव्या साइटचं काम आहे, आये, डोकं वर काढायला वेळ नाय, असं रेश्मा दोनदा म्हणाली, मग मी विचारायचंच सोडलं. सौदा मीच केला होता. शब्द दिला की मी मागे फिरत नाही, हीही बाजारातली माझी ओळख.

इकडे जुन्या नावावर माणसं येत होती, सवयीने, गणपती शोधत. पण बादलीवाल्याइतका कंटाळा मला येत नाही. मी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायला लावलं, 'गणपती पेणला आहेत. विसर्जन झालं की इकडे या, सोडे तयार आहेत.' लोक हसले, आणि पुष्कळ जण खरंच आले. धंद्याचं म्हणाल तर तो सल्लागार मुलगा अगदीच चुकला नव्हता, हे मान्य करते. पुण्याच्या बाई आता उघडपणे बोंबील मागवतात. देव समोर नसला की माणूस मोकळा होतो.

मग गणपती आले, आणि विसर्जनाच्या दिवशी मला कळलं.

अष्टमीतले बरेच गणपती दिगंबरशेठकडचेच, कारण मीच सगळ्यांना तिकडे धाडलं आहे. संध्याकाळी कुंडलिका नदीच्या घाटावर आरती झाली. माणसं मूर्ती घेऊन पाण्यात उतरली. मी काठावर ताम्हण धरून उभी होते. आमचे हे कंपनीतून निवृत्त झालेत, पण गणपती पाण्यात न्यायला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. थोड्या वेळाने ते पाट डोक्यावर पालथा घेऊन वर आले. पाटाच्या खालच्या बाजूवर निळ्या रंगात मोठी अक्षरं होती, 'पेणचा पाट', आणि पुढे साइटचा सगळा पत्ता.

"गो, ह्याच्यावर काय लिवलंय बघ," हे म्हणाले. त्यांना तो व्याह्यांनी केलेला आहेर वाटला होता.

त्यांच्या मागून शेजारचे आले. त्यांच्या पाटावर तेच. मग पुढच्या आळीतले. कोणी पाट डोक्यावर, कोणी छातीशी धरलेला, आणि प्रत्येकाच्या पाटावर माझ्या व्याह्यांची जाहिरात. अख्खा घाट ती वाचत होता. पाण्यात एक पाट सुटला होता, तो सुलटा, अक्षरं पाण्याकडे करून तरंगत होता, म्हणजे नदीनेसुद्धा वाचली.

मी ताम्हण तिथेच एकीच्या हातात दिलं.

तुम्हीच बघा. हे पाट मी आषाढात भिंतीला टेकवलेले पाहिले होते. तेव्हा रंगाचा वास येत होता. म्हणजे मी जुन्या नावाला नावं ठेवत बसले होते तेव्हा नवं नाव माझ्या समोर, भिंतीकडे तोंड करून, वाळत होतं. मोबाइलच्या बोटाची दिगंबरशेठना गरजच नव्हती. त्यांची गिऱ्हाइकं बोटाने येत नाहीत, पाटाने येतात. प्रत्येक घराच्या माळ्यावर त्यांचं नाव वर्षभर बसणार आणि पुढच्या आषाढात पाट काढला की पहिलं तेच दिसणार. मी त्यांच्याकडून जी जागा जिंकून आणली ती त्यांनी आधीच सोडली होती.

रात्री घरी येऊन मी फोन लावला.

"दादा, मला फसवलंत."

"कुठं फसवलं, विहीणबाई? तुम्ही जुनं नाव मागितलंत, मी दिलं."

"पाट रंगवले तेव्हा मी मागितलं नव्हतं."

"मागणार होतात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"लग्नाच्या बोलणीत तुम्ही बादलीवाल्याची गोष्ट सांगितली होतीत," ते म्हणाले, तितक्याच मऊ आवाजात. "तेव्हाच ठरवलं, ह्या बाईशी कधी वाटणी आली तर जुनी जागा हिला द्यायची. भांडण व्हायचं नाय."

मला पंधरा शिव्या सुचल्या, पण त्यांचा मुलगा माझा जावई, म्हणून मी त्यातली एकच दिली. ते हसले. मग मी विचारलं, "ती अक्षरं कोणी काढली?"

"रंग माझा," ते म्हणाले. "अक्षर कोणाचं ते मला नका विचारू."

विचारायची गरजही नव्हती. रात्रीच्या दिव्यात मी आमचा पाट पुसला तेव्हाच मला दिसलं होतं. माझ्या गाळ्यातल्या पत्र्याच्या डब्यांवर 'सोडे', 'जवळा', 'बोंबील' असं लिहिलेलं आहे. रेश्मा शाळेत असताना तिनेच ते रंगवलं. तिची अक्षरं शेवटी जरा वर चढतात, जणू ओळीतून पळून जायचंय. पाटाखालची अक्षरंही तशीच वर चढत होती.

आता दिगंबरशेठचं माझं भांडण सरळ आहे. त्यांनी मला गंडवलं, मी त्यांना गंडवायला गेले होते, आणि पुढच्या वर्षी मी माझा डाव खेळीन. पावसाआधी माझ्या प्रत्येक पाकिटात काय निघेल ते त्यांनी बघत राहावं. हा दिवाळी अंक त्यांच्या कारखान्यात पोचतोच, मागच्या पानावर त्यांची जाहिरात आहे.

पण हे मी त्यांच्यासाठी लिहिलेलं नाही. रेश्मा, हे तुझ्यासाठी आहे. सासऱ्याच्या बाजूने लिहिलंस याचा मला राग नाही. त्या घरात दिलीय, तिथलं काम करणारच, आणि अक्षर झकास आलंय. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नवी साइट उभी करायला वेळ लागेल म्हणून मी तुला तिकडे दिलं. ती तर मी पेणला यायच्या आधीच उभी होती. पत्ता पाटांवर वाळत होता. म्हणजे करायचं काहीच उरलं नव्हतं. मग त्या दिवसांत सकाळी आईला एक फोन करायला तुला वेळ का नव्हता?

पाट धुऊन ओट्यावर उभा केलाय, अक्षरं दाराकडे करून. दिवाळीला येशील तेव्हा ती वाच आणि उंबऱ्यावर उभी राहून याचं उत्तर दे. तोवर चहा टाकणार नाही.